लहान ट्रॅक्टर पिकअप गाडींतून सुरक्षितपणें नेण्याची रीत

बैलांची जोडी एका शेतांतून दुसऱ्या शेतांत न्यावयाची तर कासरा हातीं धरला म्हणजे झालें. ती आपल्या पायांनीं चालत येते. ट्रॅक्टरहि आपल्या चाकांनीं चालतो खरा. परंतु त्याची चाल मंद असल्यामुळें दहाबारा किलोमीटरच्या पलीकडे त्यास रस्त्यानें चालवीत नेणें वेळेच्या, इंधनाच्या व टायरांच्या दृष्टीनें महाग पडतें. शिवाय हमरस्त्यावरील वेगवान वाहनांच्या मध्यें, विशेषतः अंधार पडल्यावर, लहान ट्रॅक्टर मागून येणाऱ्यास लवकर दिसत नाहीं. या कारणांनीं लहान ट्रॅक्टर पिकअप गाडीच्या हौद्यांत चढवून नेण्याचा प्रघात हल्लीं पडला आहे. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागा, सांगोल्याकडील डाळिंबाच्या बागा, वरुड-मोर्शीकडील संत्र्यांचे बगीचे, या सर्वांस अरुंद ओळींतून फिरणारा लहान ट्रॅक्टर सोयीचा पडतो. आणि ज्याची बाग दोन गांवच्या शिवारांत विभागलेली आहे, त्यास तो हंगामांत अनेक वेळां इकडून तिकडे न्यावा लागतो. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तर फवारणी एक दिवसहि लांबवितां येत नाहीं. अशा वेळीं घाई होते, आणि घाईंत अपघात होतो.

हा विषय आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. २०१८ सालीं आमच्या स्वतःच्या शेतांत ट्रॅक्टर पिकअपमध्यें चढवीत असतां एक फळी मागें निसटली व ट्रॅक्टर कलंडला. चालविणारा आमचा गडी बाजूस उडी टाकूं शकला म्हणून त्याचा प्राण वांचला. पण त्याचा उजवा पाय मोडला व दोन महिने त्यास अंथरुणावर काढावे लागले. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. फळ्या अवघ्या दोन मीटरच्या होत्या, त्या हौद्यास बांधलेल्या नव्हत्या, आणि ट्रॅक्टर पुढें तोंड करून चढविण्यास आम्हींच सांगितलें होतें. त्या दिवसापासून या कामाच्या प्रत्येक पायरीमागचें कारण समजून घेण्याचा आम्हीं प्रयत्न केला. तो येथें क्रमानें मांडीत आहों.

वजनाचा हिशेब

प्रथम प्रश्न हा कीं, आपला ट्रॅक्टर आपल्या गाडीस पेलणारा आहे काय? यासाठीं अंदाज कामाचा नाहीं. बाजारांतील मोठ्या पिकअप गाड्यांची भार वाहण्याची नोंदलेली मर्यादा साधारणतः १,२०० पासून २,००० किलोपर्यंत असते. आपल्या गाडीची मर्यादा नोंदणीपत्रावरून काढावी. त्यांत भरलेल्या गाडीचें कमाल वजन व रिकाम्या गाडीचें वजन अशीं दोन्हीं दिलेलीं असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे मालाची मर्यादा. मात्र गाडींत बसणारीं माणसेंहि याच वजाबाकींतून वजा करावीं लागतात, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

लहान ट्रॅक्टरांच्या वजनांत मोठें अंतर असतें. ११ अश्वशक्तीचा स्वराज कोड सुमारें ४५५ किलोचा आहे. १५ अश्वशक्तीचा महिंद्र युवराज २१५ सुमारें ७८० किलोचा. आणि २८ अश्वशक्तीचा जॉन डिअर ३०२८ इएन सुमारें १,०७० किलोचा. परंतु हें वजन उघड्या ट्रॅक्टरचें होय. उदाहरणार्थ, ज्या गाडीचें भरलेलें कमाल वजन २,९०० किलो व रिकामें वजन १,७०० किलो आहे, तिची मर्यादा १,२०० किलो. चालक व सोबती यांचे १४० किलो वजा जातां १,०६० उरले. आतां ट्रॅक्टर ७८० किलो, टांकींतील डिझेल १५, मागच्या टायरांत भरलेलें पाणी ८०, रोटाव्हेटर २५० व लोखंडी फळ्या ८० असें धरल्यास बेरीज १,२०५ होते. म्हणजे जो ट्रॅक्टर "सहज मावतो" असें डोळ्यांस वाटत होतें, त्यानें मर्यादा १४५ किलोंनीं ओलांडली. टायरांतील पाणी काढलें व रोटाव्हेटर दुसऱ्या खेपेस नेला, तर तोच भार ८७५ किलोवर येतो व गाडी निर्धास्त चालते. फवारणीच्या टांकींत पाणी असल्यास तेंहि ओतून द्यावें. दर लिटरास एक किलो, हा हिशेब विसरूं नये.

ज्यास शंका असेल त्यानें साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर गाडी एकदां रिकामी व एकदां भरून तोलावी. खर्च थोडा येतो व पुढील सर्व खेपांची काळजी मिटते.

कित्येक लोक मागच्या पाट्यांत एकदोन पाटे वाढवून गाडी "बळकट" करतात. पाटे वाढविल्यानें गाडी खालीं बसत नाहीं इतकेंच. आंस, ब्रेक व टायर यांची शक्ति त्यामुळें तिळभरहि वाढत नाहीं. उलट गाडी दबलेली दिसत नाहीं म्हणून मालक फसतो. कायदाहि या बाबतींत कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमांत २०१९ सालीं झालेल्या सुधारणेनुसार मर्यादेपेक्षां अधिक भार वाहिल्यास वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास आणखी दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. आणि माल हौद्याच्या बाजूंस, पुढें, मागें किंवा उंचींत परवानगीबाहेर गेला असतांहि वीस हजारांचाच दंड आहे. म्हणून फाळका उघडा टाकून ट्रॅक्टरचें तोंड बाहेर लोंबत ठेवणें हें धोक्याचें तर आहेच, बेकायदेशीरहि आहे. हौद्याची आंतली लांबी-रुंदी व ट्रॅक्टरची लांबी-रुंदी टेपानें मापून मगच बेत करावा.

भार कोठें बसावा

एकूण वजन मर्यादेंत असलें तरी तें कोठें बसतें यावर गाडीची चाल अवलंबून असते. नियम असा कीं, मालाचा गुरुत्वमध्य गाडीच्या मागच्या आंसाच्या किंचित् पुढें यावा. समजा, गाडीच्या दोन आंसांत ३ मीटर अंतर आहे व ८०० किलोचा ट्रॅक्टर त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या ३० सेंटिमीटर पुढें येईल असा उभा केला. तर पुढच्या चाकांवर ८० किलो व मागच्या चाकांवर ७२० किलो भार पडतो. तोच ट्रॅक्टर आंसाच्या ३० सेंटिमीटर मागें उभा राहिला, तर मागच्या चाकांवर ८८० किलो पडतात व पुढचीं चाकें ८० किलोंनीं हलकीं होतात. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे स्टिअरिंग सैल लागतें व पुढच्या ब्रेकांची पकड कमी होते. गाडीचें नाक वर उचललेलें दिसलें कीं भार चुकला असें समजावें.

ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य शोधणें अवघड नाहीं. वजनकाट्यावर प्रथम सर्व ट्रॅक्टर तोलावा, नंतर केवळ मागचीं चाकें काट्यावर ठेवून तोलावा. मागच्या चाकांवर शेंकडा ६० भार भरला व दोन आंसांतील अंतर १५० सेंटिमीटर असलें, तर गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या पुढें शेंकडा ४० अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर असतो. तेथें ट्रॅक्टरच्या अंगावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. आणि गाडीच्या मागच्या आंसाची जागा हौद्याच्या कडेवर तशीच दाखवून ठेवावी. एकदां ह्या दोन खुणा केल्या म्हणजे भार बरोबर बसला कीं नाहीं, हें कोणासहि दुरून सांगतां येईल.

चढणीच्या फळ्या

चढण जितकी उभी, तितका धोका अधिक. हौद्याचा तळ जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच धरला, तर दोन मीटरच्या फळीवर चढ सुमारें २४ अंशांचा होतो. तीन मीटरच्या फळीवर १५ अंशांचा. व साडेतीन मीटरच्या फळीवर १३ अंशांचा. आमच्या मतें फळीची लांबी हौद्याच्या उंचीच्या चौपटीपेक्षां कमी असूं नये. गाडीचीं मागचीं चाकें शेताच्या सखल भागांत किंवा उथळ चरांत उतरवून उभीं केल्यास उंची आपोआप कमी होते व तीच फळी अधिक सौम्य चढण देते.

परंतु फळी लांब केली कीं ती वांकते. फळीच्या मध्यावर पडणारा वांक लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. उलटपक्षीं फळीची शक्ति तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे जाडी दुप्पट केल्यास शक्ति चौपट होते. ८०० किलोच्या ट्रॅक्टरचें मागचें एकेक चाक सुमारें २४० किलो दाब देतें. तीन मीटरच्या, ३० सेंटिमीटर रुंद फळीस हा दाब मध्यावर सोसण्यास ५ सेंटिमीटर जाडीचें सागवान जेमतेम पुरतें. साडेसात सेंटिमीटर जाडी असल्यास मन निश्चिंत राहतें. गांठ असलेली, चिरलेली किंवा वाळवी लागलेली फळी कितीहि जाड असली तरी वर्ज्य समजावी. यापेक्षां आडव्या पट्ट्या जोडलेल्या लोखंडी फळ्या चांगल्या. त्यांवर ओलें चाक घसरत नाहीं. फळीची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षां निदान एका वितीनें अधिक असावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ट्रॅक्टरचें चालणारें चाक जेव्हां फळीवर चढूं लागतें, तेव्हां तें स्वतः वर जाण्याकरितां फळीस मागें ढकलतें. फळी नुसती टेकविलेली असली तर ती ह्याच क्षणीं निसटते. आमच्या शेतांत जें घडलें तें हेंच. म्हणून प्रत्येक फळीच्या वरच्या टोंकास आंकडा असावा व तो साखळीनें गाडीच्या सांगाड्यास जखडावा. फळी फाळक्यावर टेकवूं नये; फाळका माल अडविण्यासाठीं असतो, ट्रॅक्टरचा भार सोसण्यासाठीं नव्हे. त्याच्या बिजागऱ्या व साखळ्या ह्या भारानें तुटतात. फाळका काढून ठेवून फळ्यांचीं टोंकें हौद्याच्या तळावर घ्यावीं.

दुसरें असें कीं, ट्रॅक्टर हौद्याच्या कडेवर आला म्हणजे गाडीची मागची बाजू एकदम दबते व पुढची वर उचलते. हें टाळण्यासाठीं सांगाड्याच्या मागच्या टोंकाखालीं दोन भक्कम लांकडी टेकू द्यावे.

चढविण्याचें काम

जागा सपाट व घट्ट असावी. वर विजेच्या तारा नसाव्या, कारण हौद्यांत चढलेल्या माणसाचें डोकें तारांच्या फारच जवळ जातें. गाडी हँडब्रेक लावून, गिअरमध्यें ठेवून, चारहि चाकांस पुढेंमागें दगड अथवा ठोकळे देऊन उभी करावी. ट्रॅक्टरवरील अवजार काढून ठेवावें. ट्रॅक्टरचे डावा व उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतांत वळण घेतांना ते वेगळे वापरतात. ते कडीनें एकत्र जोडल्यावांचून फळीवर चढूं नये. एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागच्या जागीं फिरून खालीं पडेल.

आतां तोंड कोणीकडे असावें हा वादाचा प्रश्न. पुष्कळ लोक पुढें तोंड करून चढतात. ट्रॅक्टरचा जड भाग मागें असतो. पुढें तोंड करून चढतांना मागचीं चाकें जोर लावतात तेव्हां पुढचा हलका भाग वर उचलतो, आणि चढण उभी असेल किंवा क्लच एकदम सोडला असेल तर ट्रॅक्टर मागच्या मागें उलटतो. हें इतक्या त्वरेनें होतें कीं चालविणाऱ्यास क्लच दाबण्यासहि अवसर मिळत नाहीं. यास्तव ट्रॅक्टर मागें तोंड करून, म्हणजे मागचीं चाकें प्रथम फळीवर घेऊन, चढवावा. अशा रीतीनें जड बाजू चढाच्या वरच्या अंगास राहते व उलटण्याचें भय बहुतांशीं नाहींसें होतें. उतरवितांना मग तो सरळ पुढें तोंड करून खालीं येतो.

या रीतींतहि एक अडचण आहे, ती लपवून ठेवणें योग्य नव्हे. मागें जातांना वळविणारीं चाकें शेवटीं राहतात. त्यामुळें स्टिअरिंगची थोडीशी चूक मोठी होऊन दिसते. म्हणून जमिनीवरच ट्रॅक्टर फळ्यांच्या अगदीं सरळ रेषेंत आणावा. फळीवर आल्यानंतर वळविण्याचा प्रयत्न करूं नये. चूक वाटल्यास खालीं उतरून पुन्हां आरंभ करावा. सर्वांत हळू चालणारा उलट गिअर निवडावा, चारहि चाकांस जोर देणारा ट्रॅक्टर असल्यास तो जोडून घ्यावा, व फळीवर क्लच दाबूं नये किंवा गिअर बदलूं नये. ट्रॅक्टरवर संरक्षक कमान असेल तर ती उभी करून आसनाचा पट्टा बांधावा. कमान नसेल तेथें पट्टा बांधूं नये; त्यानें माणूस ट्रॅक्टरखालीं अडकतो.

खुणा करणारा एकच माणूस असावा व तो चालविणाऱ्यास दिसेल अशा जागीं, बाजूस, फळीच्या लांबीपेक्षां दूर उभा राहावा. चारजणांनीं चार दिशांनीं ओरडणें म्हणजे चालविणाऱ्याचे कान बंद करणें होय. फळ्यांच्या मागें, मध्यें किंवा ट्रॅक्टर व केबिन यांच्यामध्यें कोणीहि उभें राहूं नये. चाक घसरूं लागलें तर त्याखालीं दगड देण्यासाठीं धांवण्याची जी आपली संवय आहे, ती येथें प्राणघातक ठरते. मुलांस तर त्या जागेपासून दूरच ठेवावें.

बांधणी

ट्रॅक्टर जागेवर आला कीं त्याचा हँडब्रेक लावावा, गिअर टाकावा, इंजिन बंद करावें, मागचे उचलणारे हात पूर्ण खालीं सोडावे. इतक्यावर तो जागचा हलणार नाहीं असें वाटतें; पण तें खरें नाहीं. गाडी ताशीं ४० किलोमीटरनें जात असतां समोर गुरूं आडवें आलें व गाडी १० मीटरांत थांबवावी लागली, तर ८०० किलोचा ट्रॅक्टर सुमारें ५०० किलोच्या जोरानें पुढें केबिनकडे धांव घेतो. केबिनची मागची पत्र्याची भिंत हा जोर सोसण्याकरितां बनविलेली नसते. आणि तिच्या पलीकडे चालकाची पाठ असते.

अमेरिकेंतील मालवाहतुकीच्या नियमांत असें सांगितलें आहे कीं, बांधणीनें मालाच्या वजनाच्या शेंकडा ८० इतका जोर पुढच्या दिशेनें व शेंकडा ५० इतका जोर मागें व बाजूंस सोसला पाहिजे. हें माप आपल्याकडेहि वापरण्याजोगें आहे. त्याप्रमाणें ८०० किलोच्या ट्रॅक्टरसाठीं पुढें ६४० किलो व बाजूस ४०० किलो जोर धरावा. चारहि कोपऱ्यांस एकेक पट्टा तिरपा खालीं बांधला म्हणजे पुढें जाण्यास मागच्या कोपऱ्यांकडील दोन पट्टे अडवितात; परंतु ते तिरपे असल्यामुळें त्यांच्या ताणाचा सुमारें अर्धाच भाग सरळ दिशेनें कामास येतो. म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर ६४० किलोचा ताण येऊं शकतो. यास्तव ज्यावर १,००० किलो सुरक्षित भार असें छापलें आहे, असेच चार रॅचेट पट्टे घ्यावे. पट्ट्यावर सुरक्षित भार व तुटण्याचा भार असे दोन निरनिराळे आंकडे असतात; तुटण्याचा आंकडा बहुधा तिप्पट मोठा असतो. दुकानदार मोठा आंकडा दाखवितो. आपण लहान आंकडा पाहावा.

सुंभाचा किंवा नायलॉनचा दोर या कामास निरुपयोगी आहे. तो ताणला जातो, गांठीशीं त्याचें बळ घटतें, व खाडखाड रस्त्यावर तो सैल पडतो. पट्टा ट्रॅक्टरच्या आंसास किंवा मुख्य सांगाड्यास बांधावा. स्टिअरिंगचे दांडे, चाकावरील पत्रे, बॉनेट किंवा उचलणारे हात यांस कधींहि बांधूं नये. गाडीच्या बाजूस ताडपत्री बांधण्याचे जे बारीक आंकडे असतात, ते हा ताण सोसत नाहींत. चांगल्या कारागिराकडून हौद्याखालच्या आडव्या तुळयांस जोडलेल्या चार भक्कम कड्या बसवून घ्याव्या. पट्टा जेथें धारदार कडेवरून जातो तेथें गोणपाटाची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा घालावा. शिवाय प्रत्येक चाकाच्या पुढेंमागें लांकडी ठोकळा हौद्याच्या तळास पक्का करावा. अवजार बरोबर न्यावयाचें असेल तर तें आडवें ठेवून स्वतंत्र बांधावें; ट्रॅक्टरच्या पट्ट्याच्या आधारावर ठेवूं नये.

ट्रॅक्टरचे टायर हवेचे असल्यामुळें तो वाटेंत खालींवर डोलतो व पट्टे सैल होतात. म्हणून निघाल्यावर पहिल्या आठदहा किलोमीटरांत एकदां थांबून, व पुढें दर तासास, पट्टे हातानें तपासावे.

रस्त्यावर

रिकाम्या पिकअपचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारें ६५ सेंटिमीटर उंच धरला व हौद्यांतील ट्रॅक्टरचा १४५ सेंटिमीटर धरला, तर दोहोंचा मिळून तो सुमारें ९० सेंटिमीटरवर जातो. म्हणजे गाडी पूर्वीपेक्षां बरीच डोकेजड झाली. वळणावर गाडीस बाहेर फेंकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ४० किलोमीटर वेगास हा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा असतो. तोच वेग २० वर आणल्यास वजनाच्या एकअष्टमांश उरतो. वेग निम्मा केला तर धोका चतुर्थांश होतो, यापेक्षां स्वस्त विमा दुसरा कोणता असणार! आमचा नियम असा कीं, सरळ डांबरी रस्त्यावर ४०, शिवाररस्त्यावर २०, व घाटाच्या वळणावर त्याहूनहि कमी.

कसारा किंवा खंबाटकी यांसारखा घाट उतरावयाचा असेल तर ज्या गिअरनें तो चढला असता त्याच गिअरनें उतरावा व इंजिनाच्या ओढीवर गाडी धरावी. सतत ब्रेक दाबल्यानें ते तापून निकामी होतात. इंधन वांचविण्यासाठीं गिअर काढून गाडी सोडणें हा तर आत्मघात होय. निघण्यापूर्वीं टायर थंड असतांना हवा पाहावी, मागचे दिवे ट्रॅक्टरनें झांकले गेले नाहींत ना तें पाहावें, व हौद्यांत ट्रॅक्टरवर कोणासहि बसूं देऊं नये.

पिकअपला दोर बांधून ट्रॅक्टर मागून ओढीत नेण्याची एक चाल दिसते. ती सर्वस्वीं त्याज्य आहे. गाडी थांबली तरी ट्रॅक्टर थांबत नाहीं, तो मागून धडकतो. वळणावर दोर तिरपा होऊन त्यास बाजूस खेंचतो. आणि त्याचीं गिअरचीं चक्रें व स्टिअरिंग इतक्या वेगासाठीं घडविलेलींच नसतात. ज्याचा ट्रॅक्टर पिकअपच्या मर्यादेबाहेर आहे त्यानें मोठी मालगाडी भाड्यानें करावी. एका खेपेचें भाडें मोडलेल्या आंसापेक्षां व मोडलेल्या हाडापेक्षां केव्हांहि कमीच.

उतरविणें

अपघात चढवितांनाच होतात असें नाहीं. काम झालें या समजुतीनें उतरवितांना हयगय होते. प्रथम टेकू, ठोकळे व फळ्यांच्या साखळ्या चढवितांना होत्या तशाच लावाव्या, आणि मगच पट्टे सोडावे. आधीं पट्टे सोडून नंतर फळ्या शोधणें हा उलटा क्रम होय. ट्रॅक्टर पहिल्या हळू गिअरमध्यें, क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या ओढीनें उतरवावा. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात, आणि उतारावर वजन पुढें सरकल्यामुळें मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून नुसत्या ब्रेकावर विसंबल्यास चाकें थांबूनहि ट्रॅक्टर घसरत राहतो. चारहि चाकें जोडतां येत असल्यास उतरतांना अवश्य जोडावीं. फळ्यांवर चिखल किंवा दंव असेल तर पुसून माती टाकावी, अथवा ऊन पडेपर्यंत थांबावें.

गांवचा धक्का

वरील सर्व काळजीचें मूळ एकच आहे, तें म्हणजे हौद्याची उंची. ती नाहींशी करतां आली तर निम्मा धोका नाहींसा होतो. यासाठीं आम्ही आमच्या सभासदांपुढें एक सूचना ठेवतों. प्रत्येक गांवीं रस्त्याच्या कडेस, पाणी न साचणाऱ्या जागीं, दगडमातीचा एक धक्का बांधावा. त्याचें तोंड उभें, दगडी व हौद्याच्या उंचीइतकें असावें. मागची बाजू पांचास एक किंवा त्याहून सौम्य अशी उतरती असावी. रुंदी तीन मीटर व दोन्ही कडांस हातभर उंचीचा कठडा असावा. पाठीमागून गाडी धक्क्यास लावली, मधल्या फटींत आखूड लोखंडी पत्रा जखडून टाकला, कीं ट्रॅक्टर जवळजवळ सपाटीवरून आंत जातो. दगड व मुरूम गांवांत मिळतात, श्रम आपलेच असतात; आणि हाच धक्का जनावरें, द्राक्षांचे क्रेट व खताच्या गोणी चढविण्यासहि उपयोगी पडतो. एकट्यानें करण्यास हें काम मोठें आहे, पण पंधरावीस शेतकऱ्यांनीं मिळून केल्यास चारदोन दिवसांचें आहे.

सारांश, खेपेपूर्वीं पुढील प्रश्न मोठ्यानें विचारावे व त्यांचें उत्तर होकारार्थी आल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. वजन मर्यादेंत आहे काय? फळ्या उंचीच्या चौपट व साखळीनें जखडलेल्या आहेत काय? गाडीस टेकू व चाकांस ठोकळे दिले काय? ब्रेक एकत्र जोडले काय? मागें, मध्यें कोणी उभें नाहीं ना? चारहि पट्टे सांगाड्यास बांधले काय? ह्या सर्वांस फार तर अर्धा तास लागतो. आमच्या गड्यानें अंथरुणावर दोन महिने काढले, त्यांतील एकेक दिवस आम्हांस त्या न दिलेल्या अर्ध्या तासाची आठवण करून देत होता. हीच किंमत पुन्हां कोणासहि द्यावी लागूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.